एका पाउंडाचा हप्ता

गेल्या आठवड्यात एका कर्जवसुलीवाल्या कंपनीचं पाकीट आलं. आत लिहिलेलं, "तुमच्या पेमेंटबद्दल आभार. तुमची बाकी आता २१३ पाउंड ४० पेन्स." त्याआधी ती २१४ पाउंड ४० पेन्स होती. म्हणजे ज्या एका पाउंडावर मी यांच्याकडे कराराचा कागद मागितला होता, तो पाउंड यांनी कर्जाचा हप्ता म्हणून जमा करून टाकला! आणि कर्ज कुठलं, तर जे आहे तरी का, हेच मी विचारत होतो.

मागची गोष्ट फार नाहीये. इंग्लंडात नवीन असताना एका दुकानाचं स्टोअर कार्ड, म्हणजे तिथे उधारीवर खरेदी करायचं कार्ड, घेतलेलं, पहिल्या खरेदीवर सूट होती म्हणून. नंतर सगळे पैसे भरून ते बंद केलं. आता ही कलेक्शनवाली कंपनी, जिचं नावही कधी ऐकलं नव्हतं, म्हणते की तुमची बाकी आम्ही विकत घेतलीय. इथे अशी जुनी उधारी गठ्ठ्याने विकतात, पाउंडाला थोडेफार पेन्स अशा भावात, आणि घेणारा आपल्याकडे मागतो मात्र पूर्ण पाउंड. धंदा म्हणून मला याचं कौतुकच वाटतं. पाकिटावर 'खासगी आणि गोपनीय' इतक्या ठळक अक्षरात छापतात की समोरच्या घरातूनही वाचता यावं.

तर इथला उधारीचा कायदा, कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट १९७४, कलम ७८. (ठरावीक रकमेचं कर्ज असेल तर ७७, कार्डाला ७८.) लेखी मागणी करायची, सोबत एक पाउंड फी, की १२ कामाच्या दिवसांत त्यांनी कराराची प्रत आणि हिशोब द्यायचा. नाही दिला तर, देईपर्यंत, कोर्टाकडून वसुली करून घेता येत नाही. कर्ज माफ होत नाही हं, आणि ते पत्रं पाठवायचेही थांबत नाहीत, हे मुद्दाम सांगतोय कारण आमच्या ग्रुपवरचे एक काका 'हे पत्र टाका आणि कर्ज गायब' असं छातीठोक सांगत फिरतात.

आता एक पाउंड पाठवायचा कसा? चेकबुक माझ्याकडे नाही, नाणं पाकिटात टाकलं तर पोचल्याचा पुरावा काय. म्हणून पोस्टल ऑर्डर, तिचं कमिशन वेगळं, शिवाय सहीची पोच मिळावी म्हणून जे पोस्टेज भरलं ते पाउंडापेक्षा जास्त. काउंटरवरच्या बाईंनी अगदी मायेने विचारलं, "कुणाचा वाढदिवस आहे का?" एका पाउंडात वाढदिवस! पत्रात मी ठळक करून लिहिलं होतं की हे कर्ज मला मान्य नाही आणि हा पाउंड कायद्यातली फी आहे, हप्ता नाही. ठळक, आणि खाली रेघ.

तरी आभार आलेच. मग फोन लावला.

फोनवरची मुलगी इतकी गोड की चिडायचीही लाज वाटावी. आधी माझी जन्मतारीख, पोस्टकोड, पत्त्याची पहिली ओळ विचारली. मी म्हणलं, ही ओळख पटवून घ्यायचीय ती नेमकी कशाची, तुम्हीच मला शोधून पत्रं पाठवताय ना? "हो, पण तुम्ही तुम्हीच आहात याची आम्हाला खात्री करावी लागते." बरं. झाली खात्री.

"अरे वा, तुम्ही पहिलं पेमेंट केलंत! खूप छान."

"ते पेमेंट नाहीये. फी आहे."

"हो हो. बऱ्याच जणांना सुरुवात करणंच अवघड जातं."

"अहो मी सुरुवात केलेली नाही, मी कराराची प्रत मागितलीय."

"कळलं. मग दर महिन्याला एक पाउंड तुम्हाला जमेल का?"

मी गप्प. तिला वाटलं मी हिशोब करतोय. तिनेच करून दिला: "साधारण अठरा वर्षांत पूर्ण होईल," आणि हे अशा आवाजात की जणू माझी पोरगी डॉक्टर होणार आहे. वर विचारते, "सध्या तुम्हाला घरखर्च झेपतोय ना? कुणाशी बोलावंसं वाटतं का?" म्हणलं, वाटतं, तुमच्या मॅनेजरशी. मॅनेजर ट्रेनिंगला गेले होते. कसलं ट्रेनिंग, हे विचारायचा मोह मी आवरला. शेवटी मी विचारलं, समजा मी तुम्हाला बाजारातून केळी आणायला पैसे दिले आणि तुम्ही ते माझं जुनं भाडं म्हणून ठेवून घेतले तर? ती जरा थांबली आणि म्हणाली, "तुमचं भाडंपण थकलंय का? नोंद करून ठेवू?"

ऐकायला मजा वाटते, पण यात एक गोम आहे आणि तिथे माझं हसू संपतं. लिमिटेशन ॲक्ट १९८० प्रमाणे इंग्लंडात अशा उधारीवर दावा करायला साधारण सहा वर्षं असतात, आणि मध्येच तुम्ही हप्ता भरला तर ती सहा वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. आता कागदोपत्री हप्ता भरलेला कोण दिसतोय? मी! फी म्हणजे हप्ता नव्हे हे खरंय, पण ते पटवत बसायचं काम कुणाचं, तर माझंच. मला निदान इंग्रजीत भांडता येतं, पोस्टाची पोच जपून ठेवायची अक्कल आहे. ज्यांना पत्र बघूनच घाम फुटतो ते बिचारे पुढच्या महिन्यात दुसरा पाउंड पाठवत असणार, आणि यांनाही ते माहीत असणार. क्लार्कच्या हातून चुकून झालं म्हणायला मी तयार आहे, पण ही चूक कधी उलट्या दिशेने, माझ्या फायद्याची का होत नाही?

आणि आज तो करारनामा आला. माझी सही नाही, जुन्या कागदाची झेरॉक्सही नाही. 'रिकन्स्टिट्यूटेड' प्रत आहे, म्हणजे रेकॉर्डवरून परत बनवलेली. हे चालतं बरं का, २००९ च्या केरी विरुद्ध एचएसबीसी खटल्यात हायकोर्टाने तसं सांगून ठेवलंय. फक्त त्यात पत्ता हवा तो करार केला तेव्हाचा. यांनी घातलाय माझा आत्ताचा पत्ता. मी कार्ड घेतलं तेव्हा ही बिल्डिंग बांधलेलीच नव्हती! बायको म्हणाली, हवेत राहत होतास आणि मला कधी बोलला नाहीस.

मग रीतसर तक्रार टाकली. उत्तर द्यायला त्यांना आठ आठवडे असतात, तोवर नाही दिलं किंवा पटलं नाही तर फायनान्शियल ओम्बड्समन, म्हणजे अशा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारी संस्था, तिथे आपल्याला फी नसते, एक पाउंडही नाही. तक्रारीत मी दोनच गोष्टी मागितल्या: बरोबर प्रत द्या, आणि ती देणार नसाल तर माझा पाउंड परत करा, २१३ चे पुन्हा २१४ झाले तरी चालेल. तासाभरात ईमेल आला. रिफंड देण्याआधी माझी ओळख नव्याने पटवावी लागेल, तरी कृपया पासपोर्टची एक कॉपी पाठवावी.

कॉपीची फी एक पाउंड पडेल, असं कळवलंय.