वैतागलेल्या माणसाला कृतज्ञतेचे डोस पाजू नका

माणूस वैतागलेला असताना त्याला कृतज्ञता शिकवायला धावणाऱ्या लोकांचा मला मनापासून राग येतो. घरचं इंटरनेट बंद, हातातलं काम अडलेलं, हेल्पलाइनवर कोणी दाद देत नाही, म्हणून जरा तोंड उघडावं तर समोरून ठरलेलं उत्तर येतं. "अगं, जगात लोकांना प्यायला पाणी मिळत नाही आणि तू नेटसाठी एवढी चिडतेस? जे आहे त्याबद्दल आभार मान."

का मानू? आणि कोणाचे? मी गप्प बसले म्हणून त्या तहानलेल्या माणसाच्या घरी पाणी येणार आहे का? तुम्हाला त्याची एवढीच कळकळ असती, तर एरवीही त्याचं नाव तुमच्या तोंडून कधीतरी ऐकू आलं असतं. तो तुम्हाला आठवतो फक्त माझं तोंड बंद करायचं असतं तेव्हा. दुसऱ्याच्या हालांकडे बोट दाखवून "बघ, तुझं बरं चाललंय" म्हणायचं, याला मी कृतज्ञता म्हणत नाही. आपण त्या जागी नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकणं आहे ते, आणि तेही त्या माणसाच्या जिवावर.

वर पुन्हा "छोट्या गोष्टी मनाला लावून घेऊ नयेत" हे आहेच. छोट्या? 1981 मध्ये ॲलन कॅनर, रिचर्ड लाझारस या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच छोट्या कटकटींची 117 कलमांची यादी करून लोकांना तपासलं होतं. वस्तू हरवणं, वाढत्या किमती, हातात मावणार नाहीत इतकी कामं, असली रोजची कलमं. मानसिक त्रासाची लक्षणं कोणाला किती जाणवतात याचा अंदाज आयुष्यातल्या मोठ्या उलथापालथींपेक्षा या रोजच्या कटकटींवरून जास्त चांगला बांधता आला. मोठं संकट आलं की चार माणसं धावून येतात, रजा मिळते, लोक सांभाळून घेतात. रोजच्या कटकटीला मात्र कोणी विचारत नाही. ती एकट्याने गिळायची आणि वर हसतमुख राहायचं.

आता ही कटकट नेमकी कशी असते ते सांगते, म्हणजे "एवढंसं" म्हणणाऱ्यांना कळेल. फोन लावायचा. भाषा निवडा, सेवा निवडा, ग्राहक क्रमांक टाका. टाकला. मग "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" आणि ती धून. किती वेळ लागेल ते कोणी सांगत नाही. मध्येच धून थांबते, वाटतं आता कोणीतरी बोलणार, तर पुन्हा तेच वाक्य. अखेर माणूस येतो आणि तोच ग्राहक क्रमांक पुन्हा विचारतो, जो मी आत्ताच टाकलाय. राउटर बंद करून चालू करा म्हणतो. केलाय हो, सकाळपासून तेच करतेय. तक्रार नोंदवली जाते. दुसऱ्या दिवशी मेसेज येतो, "आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे, आमच्या सेवेला किती गुण द्याल?" आणि मी तो मेसेज वाचतेय तेव्हा समोर राउटरचा लाल दिवा लुकलुकतोय! घरी कोणी आलेलं नाही, कोणी फोन केलेला नाही, पण त्यांच्या कागदावर काम फत्ते. तळपायाची आग मस्तकात जाते ती इथे. नेट बंद पडलं हे मी समजू शकते, यंत्र आहे, बिघडणारच. पण तुमचा त्रास संपला असं धडधडीत खोटं लिहून वर गुण मागायचे?

डेव्हिड मेस्टर यांनी 1985 मध्येच रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर लिहून ठेवलंय. किती थांबायचं हे माहीत नसेल, का थांबायचं हे कोणी सांगत नसेल आणि आपल्यावर अन्याय होतोय असं वाटत असेल, तर तेवढीच वेळ जास्त लांब वाटते. म्हणजे नुसतं "अमुक वेळ लागेल, अमुक बिघाड आहे" एवढं खरं सांगितलं तरी निम्मा संताप उतरेल. त्याला पैसे पडत नाहीत. पण तेवढंही होत नाही, आणि संयमाची अपेक्षा मात्र माझ्याकडून.

आणि तरीही या सगळ्यात मला एका माणसाबद्दल खरीखुरी कृतज्ञता वाटली. कोणीही न सांगता वाटली.

पुढच्या एका कॉलवर एक मुलगा आला. आवाजावरून थकलेला वाटत होता. त्याने पाठ केलेली वाक्यं म्हटली नाहीत. "एक मिनिट, मागच्या नोंदी बघू द्या," म्हणाला आणि खरंच शांतपणे वाचत बसला. मग म्हणाला, "मॅडम, इथे कोणी न येताच तक्रार बंद केलीय. तुमच्या राउटरमध्ये काही नाही, बाहेरच्या लाइनचा प्रॉब्लेम दिसतोय. मी नोंदच बदलतो, नाहीतर परत तेच होईल. लाइन कट झाली तर तुम्ही करू नका, मीच करतो." लाइन कट झाली. आणि त्याने केला, स्वतःहून. नोंद बदलल्याचं सांगितलं, तक्रारीचा नवा क्रमांक सावकाश दोनदा वाचून दाखवला, मी लिहून घेईपर्यंत थांबला.

फोन ठेवल्यावर मला भरून आलं, हे खरं आहे. पण त्याने राग गेला असं कोणी समजू नका. राग वाढला. जे काम सगळ्या यंत्रणेने करायचं, ते या एकट्या मुलाने स्वतःच्या चांगुलपणावर ओढलं. कितीतरी कॉल सेंटरांमध्ये एका कॉलला सरासरी किती वेळ लागला ते मोजतात. तिथे असा माणूस नीट वाचत बसला, परत फोन करत बसला, तर त्याचेच आकडे बिघडतात. न बघता तक्रार बंद करणाऱ्याचे सुधारतात. मग मी त्या मुलाबद्दल कृतज्ञ असेन तर गप्प कशी बसू?

मला ज्या अभ्यासांचे दाखले देऊन उपदेश केला जातो, तेही जरा नीट वाचा. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांच्या 2003 च्या प्रयोगात एका गटाने 10 आठवडे, दर आठवड्याला, आभार वाटतील अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा त्यांना आपलं आयुष्य जास्त चांगलं वाटलं. मान्य. पण त्यांची यादी त्यांनी स्वतः लिहिली होती. चिडलेल्या माणसाच्या तोंडावर कोणी ती फेकून मारली नव्हती. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या 2005 च्या अभ्यासात रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या होत्या, आणि प्रत्येक गोष्ट का घडली हेही लिहायचं होतं. हा 'का' उपदेश करणारे बरोबर गाळतात. 'का' विचारलं की कोणीतरी माणूस सापडतो, त्याचे कष्ट सापडतात, आणि ते कष्ट कोणी वाढवून ठेवलेत हेही सापडतं.

एक गोष्ट मी मनापासून मानते. अडथळे डोळ्यांत भरतात आणि आधार दिसत नाहीत, कारण अडथळ्याशी झगडावं लागतं. शाय डेव्हिडाय आणि थॉमस गिलोविच यांनी 2016 मध्ये हेच दाखवलं. समोरून येणारा वारा सायकलवाल्याला क्षणोक्षणी जाणवतो, पाठीवरचा तो लगेच विसरतो. नेट चालू असतं ते सगळे दिवस माझ्याही लक्षात राहत नाहीत. भर पावसात खांबावर चढून वायर जोडणारा कोणीतरी असतो म्हणून ते दिवस असतात. त्याची आठवण ठेवायला मी तयार आहे, रोज. पण ती आठवण त्याच्यासाठी आहे. त्याला दिवसाला अशक्य कामं नेमून देऊन खोट्या नोंदी करायला लावणाऱ्या साहेबांनी ती स्वतःच्या नावावर जमा करू नये.

मी कंपनीला मेल लिहिलाय, एकच. वरच्या भागात त्या मुलाचं नाव, कॉलची तारीख आणि वेळ, त्याने काय काय केलं ते सविस्तर, आणि हे त्याच्या कामाच्या नोंदीत जावं अशी मागणी. खाली न तपासता बंद केलेल्या तक्रारीचा क्रमांक, निवारण झाल्याचा मेसेज, आणि लाल दिव्याचा त्याच दिवशीचा फोटो. दोन्हींचं वेगवेगळं लेखी उत्तर मागितलंय. नाही आलं तर त्यांच्या वरच्या माणसाला लिहीन, आणि तेव्हाही त्या मुलाचा परिच्छेद पहिला असेल.