आरामशीनची देखभाल: एक नारळ, एक झेंडूची माळ

वाडवडिलांची लाकूड कापायची आरामशीन तुमच्या गळ्यात पडली असेल, तर आधी तिच्यातली खरी मौल्यवान वस्तू ओळखा. ती मशीन नव्हे, लायसन्स. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने जंगलांच्या खटल्यात आपणच नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय नवी आरामशीन उघडायला मनाई केली, तेव्हापासून या कागदाला सोन्याचा भाव आहे. तो काचेत मढवून गल्ल्याच्या वर लावा आणि रोज पुसा. बँडसॉच्या, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्ट्याच्या करवतीच्या, खालच्या चाकाचं पत्र्याचं कव्हर मात्र काढून मागच्या भिंतीवर खिळ्याला अडकवा. भुसा ओढताना त्याची अडचण होते. आमच्याकडच्या एका मिलमध्ये त्यात साळुंकीनं घरटं केलं होतं. कव्हरमुळे कुणाला तरी सुरक्षित वाटलं, हे काय कमी आहे?

पट्ट्याच्या दोन दातांमधल्या खाचेत केसाएवढी चीर दिसली, तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या. पट्टा तिथूनच फाटत जातो हे धारवाल्या मिस्त्रीला पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्याला तो दाखवूच नका. नाहीतर लगेच ब्रेझिंगचं, म्हणजे पट्टा डाक देऊन जोडायचं, बिल काढेल. छत्तीस इंची चाक मिनिटाला 600 फेरे मारत असेल, तर पट्टा ताशी 100 किलोमीटरच्या पुढं पळतो. एवढ्या वेगात चीर दिसते कुणाला? तुटलाच, तर कुणाकडे जायचं ते तोच ठरवेल.

ओंडकाही तपासू नका. रस्त्याकडेचा कडुनिंब आला, की मागच्या तीन निवडणुकांचे उमेदवार खिळ्यांच्या रूपानं त्यात अजून टिकून असतात. वरून साल चढलेली, बाहेरून काही पत्ता नाही. पट्ट्याचे आठ-दहा दात उडाले की समजायचं, प्रचार जोरात झाला होता.

आता दुरुस्ती. काही भित्री माणसं मेन स्विच पाडतात, वर फ्यूज काढून खिशात ठेवतात आणि चाक पूर्ण थांबेपर्यंत विडी ओढत बसतात. अशानं धंदा बसतो. जड चाक वीज बंद केल्यावरही बराच वेळ गरगरत राहतं, तेवढा वेळ आपल्याकडे आहे का? फळकुट दाबून थांबवा, नाहीतर फिरतं असतानाच बेअरिंगला ग्रीस चोपडा. लाइट गेली तर उत्तमच. स्टार्टरचं बटण सतत सुटतं म्हणून तुम्ही ते सुतळीनं बांधून ठेवलेलं असेलच. मग हात आत असताना लाइट आली, की मशीन आपली आपण सुरू होते. याला म्हणतात ऑटोमॅटिक.

1948 च्या कारखाना कायद्यात कलम 22 लिहिणाऱ्यांना यातलं काही कळलं नसावं. चालत्या यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करायचंच असेल, तर खास शिकवलेला प्रौढ कामगार हवा आणि त्यानं अंगाबरोबर बसणारे कपडे घालायला हवेत, असं त्यांनी लिहून ठेवलं. कपडे कुणी द्यायचे? म्हणे मालकानं! इथं पोरगा गळ्यात गमछा घालून घरूनच येतो, फुकटात.

आणि माणूस अनुभवी हवा. अनुभव बायोडेटात बघू नका, हातात बघा. आमच्या ओळखीचे एक मिस्त्री टपरीकडे पंजा दाखवून चहा सांगतात, तेव्हा पोरगा तिथूनच ओरडून विचारतो, "काका, पाच का तुमचे पाच?" काका तीन सांगतात. चहा बरोबर येतो, हिशोब बिघडत नाही.

धुळीचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकली आहे. आपण ती विजेच्या पॅनलबोर्डावर टाकली आहे. बोटभर थर असला की बोर्ड थंडीत उबदार राहतो.

खंडेनवमीला मात्र हयगय करू नका. वर्षातला हा एकच दिवस, जेव्हा मेन स्विच खरोखर खाली असतो. मशीन धुवा, चाकाला हळदकुंकू लावा, नारळ फोडा. भिंतीवरचं कव्हर उतरवा, त्यातलं घरटं तोवर रिकामं झालेलं असतंच. ते झटकून कव्हर जागेवर बसवा, वर झेंडूची माळ घाला. फोटोत मशीन कशी भरल्यासारखी दिसते! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिला ओंडका ट्रॉलीवर चढवायच्या आत कव्हर पुन्हा खिळ्यावर टांगा. माळ राहू द्या चाकाजवळच. वाळून खाली पडू लागली, की गमछेवाल्या पोराला सांगा काढायला. मशीन बंद करायची गरज नाही.