पीपीटीला दोष देण्याआधी

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला, त्यातले दोन शिक्षकांचे. मजकूर थोडक्यात असा: 'मायक्रोसॉफ्टने पॉवरपॉइंट काढलं आणि माणसं तुटक मुद्द्यांत विचार करू लागली. त्याच पॉवरपॉइंटमुळे कल्पना चावलाचं यान कोसळलं. म्हणून तर अमेझॉनने त्यावर बंदी घातली. आता आपणही शाळा-कॉलेजांतून पीपीटी हद्दपार करूया.' शिक्षकांना वर्गात कॉम्प्युटर कसा वापरायचा हे शिकवणं माझं रोजचं काम. मेसेज वाचून दोन बाईंनी मला खरंच विचारलं, की तयार केलेल्या स्लाइड टाकून देऊ का? त्यामुळे गप्प बसवत नाही.

मायक्रोसॉफ्टने पॉवरपॉइंट काढलेलं नाही. ते कॅलिफोर्नियातल्या फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीचं. रॉबर्ट गास्किन्स यांनी १९८४ मध्ये त्याचा प्रस्ताव लिहिला, डेनिस ऑस्टिन आणि टॉम रडकिन यांनी ते बांधलं. एप्रिल १९८७ मध्ये पहिली आवृत्ती आली, तीही विंडोजवर नाही, मॅकिंटॉशवर. मायक्रोसॉफ्टने काही महिन्यांतच १ कोटी ४० लाख डॉलरला कंपनी विकत घेतली.

ती पहिली आवृत्ती पडद्यावर काही दाखवण्यासाठी नव्हतीच. तिच्यातून काळी-पांढरी पानं छापून निघायची आणि त्यांच्या पारदर्शक शीट करून ओएचपीवर, म्हणजे शीट भिंतीवर मोठी दाखवणाऱ्या जुन्या प्रोजेक्टरवर, ठेवायच्या. आपल्याकडेही ज्यांनी मार्कर पेनने शीट लिहिल्या आहेत त्यांना आठवत असेल: शीर्षक, खाली ठिपके, ठिपक्यांपुढे अर्धी वाक्यं. तुटक मुद्दे तेव्हाही होतेच. शिवाय पहिल्या आवृत्तीपासून स्लाइडसोबत वक्त्याच्या टिपा आणि श्रोत्यांना वाटायची पानं छापायची सोय आहे. सविस्तर मजकुराची जागा तिथे होती. आजही प्रत्येक स्लाइडखाली ती टिपांची पट्टी असते आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ फायलींत ती कोरी असते.

आता कोलंबिया, म्हणजे कल्पना चावलाचं ते यान. हा आरोप हवेतला नाही, म्हणून नीट बघायला हवा. १६ जानेवारी २००३ ला उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधन टाकीवरचा फोमचा तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला. यान वर असताना नुकसानीचा अंदाज व्यवस्थापकांना स्लाइडवरून सांगितला गेला. त्यातल्या एका स्लाइडचं मोठ्या अक्षरातलं शीर्षक दिलासा देणारं होतं. अगदी तळाला, बारीक टाइपात, खरी गोष्ट होती: चाचण्या झाल्या त्या ३ घन इंचांच्या तुकड्यांवर, आणि आदळलेला तुकडा अंदाजे १,९२० घन इंचांचा. सहाशे चाळीस पट! १ फेब्रुवारीला सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइडवर भागवण्याच्या नासातल्या सवयीवर स्पष्ट टीका केली आणि ती योग्यच होती.

पण मंडळाच्या त्याच अहवालात बाकीचंही आहे. पंखाचे फोटो मिळवावेत म्हणून अभियंत्यांनी केलेल्या विनंत्या पुढे गेल्या नाहीत. आधीच्या उड्डाणांतही फोम निखळला होता आणि तो चालवून घेतला गेला होता. यान कोसळलं ते पंखाला पडलेल्या भोकामुळे. ते भोक वेळीच शोधलं गेलं नाही, याला जबाबदार माणसं आणि त्यांची उतरंड होती.

आणि नासाच्या त्याआधी फुटलेल्या चॅलेंजर यानाचं काय? २७ जानेवारी १९८६ च्या रात्री यानाची रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या यूटा राज्यातल्या अभियंत्यांनी नासाला फॅक्सने तेरा तक्ते पाठवले, त्यातले बरेच हाताने लिहिलेले. थंडीत रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या दगा देतील हे त्यांना कळलं होतं, त्यांनी उड्डाण नको असंही सांगितलं. पण आधीच्या सगळ्या उड्डाणांचं तापमान आणि कड्यांची झीज एकत्र दाखवणारा एकही तक्ता त्यात नव्हता. दुसऱ्या दिवशी उड्डाण झालंच आणि ७३ सेकंदांत यान फुटलं. पॉवरपॉइंट बाजारात यायला तेव्हा सव्वा वर्ष अवकाश होता.

अमेझॉनचं अर्धं खरं आहे. जून २००४ मध्ये अमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी एका ईमेलने वरिष्ठांच्या बैठकांतून स्लाइड काढल्या, सलग लिहिलेलं टिपण आणायला सांगितलं. बैठकीच्या सुरुवातीला सगळे ते शांतपणे वाचतात. मला ही पद्धत मनापासून पटते. पण वर्डमध्ये नुसते मुद्दे मांडून आणलेत तर तेही तितकंच वाईट, असं त्याच ईमेलमध्ये लिहिलेलं होतं. मेसेज पाठवणाऱ्यांनी ते वाक्य गाळलं.

सॉफ्टवेअर निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. नवी स्लाइड उघडली की समोर शीर्षकाची चौकट आणि खाली ठिपक्यांची चौकट तयार येते, म्हणजे पहिलं पाऊल तुम्ही टाकायच्या आधीच वाट ठरते. त्याहून वाईट म्हणजे चौकट भरली तरी टाइप करत राहा, अक्षरं आपोआप बारीक होत जातात. 'आता पुरे' असं कुणी सांगतच नाही. मी प्रशिक्षणात सगळ्यांत आधी ही सोय बंद करायला लावतो. मराठीत आणखी एक दुखणं: युनिकोडऐवजी (म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी नीट दिसेल अशा पद्धतीऐवजी) जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरं. एका जिल्हा मेळाव्यात भरल्या सभागृहात माझ्या स्वतःच्या स्लाइडचं असं झालं. त्या दिवसापासून युनिकोडशिवाय एक ओळ लिहिलेली नाही.

राहता राहिली शाळेतून हद्दपारी. जिल्हा परिषदेच्या एका शाळेत चंद्राच्या कलांचा तास मी मागच्या बाकावर बसून पाहिला. बाईंच्या स्लाइडवर शब्द नव्हताच, एका स्लाइडवर एका तिथीचा चंद्र. तृतीयेची कोर दाखवली आणि त्यांनी कीबोर्डवरचं बी दाबलं. स्लाइड शोमध्ये बी दाबलं की पडदा काळा होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 'आता अष्टमीचा काढा वहीत.' वर्गात फक्त पेन्सिलींचा आवाज. मग पुन्हा बी, पुढची स्लाइड, पडद्यावर अर्धा चंद्र. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीने उजळ बाजू उलटी काढली होती. तिने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा वहीकडे, आणि शेजारणीकडे खोडरबर मागितला.