न हलणारा दांडा

हाताने घडवलेली जुनी इंग्रजी सायकल विकत घेऊ पाहणाऱ्याने तिचा रंग पाहू नये, तिच्यावरचे नाव वाचू नये, मालकाच्या आठवणी तर मुळीच ऐकू नयेत. सीटचा दांडा वरखाली होतो का, एवढेच विचारावे. हे शहाणपण इंग्लंडमधल्या आमच्या डर्बी शहरातल्या झाडून साऱ्या सायकलवेड्यांना तोंडपाठ आहे, आणि तरीही दांडा अडकलेली एखादी फ्रेम ज्याच्या शेडमध्ये नाही असा वेडा मला अजून भेटायचा आहे. दांडा हलत असता, तर ती फ्रेम आमच्यासारख्यांच्या खिशाला परवडलीच नसती.

ऑनलाइन लिलावात हे सारे आधीच कळते. ज्याचा दांडा हलतो तो विक्रेता ती गोष्ट जाहिरातीच्या पहिल्या ओळीत लिहितो. ज्याचा हलत नाही तो वडिलांविषयी लिहितो. त्यांनी या सायकलवरून वेल्सपर्यंत कसा प्रवास केला, ती तीस वर्षे कोरड्या जागी कशी जपली गेली, घर लहान झाल्यामुळे ती आता कशी जड अंतःकरणाने द्यावी लागत आहे. छायाचित्रात सीट खाली, अगदी नळीला टेकलेली असते. माझ्या फ्रेमच्या जाहिरातीत वडील, वेल्स आणि टेकलेली सीट असे तिन्ही होते, म्हणून बोली लावायला फारसे कोणी नव्हते.

एवढे कळत असताना माणूस ती घेतो कशाला, हा प्रश्न आमच्या घरात वेळोवेळी विचारला गेला आहे. त्याचे उत्तर ‘रेनॉल्ड्स ५३१’ असे आहे, पण ते उत्तर म्हणून स्वीकारले जात नाही. बर्मिंगहॅमचे हे रेनॉल्ड्स घराणे मुळात खिळे बनवणारे. त्यांच्यातल्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ साली अशा नळीचे पेटंट घेतले, जी सांध्याशी जाड आणि मध्ये पातळ असते, आणि तरीही बाहेरून सगळीकडे एकसारखी दिसते. पुढे १९३५ मध्ये मँगनीज आणि मॉलिब्डेनम घातलेले ५३१ हे पोलाद आले. त्याच्या नळीचा पत्रा टोकांना साधारण ०.८ मिलिमीटर, तर मधल्या भागात ०.५ मिलिमीटर असू शकतो. याच पोलादाच्या नळ्या जॅग्वार ई-टाइपच्या पुढच्या सांगाड्यात होत्या, आणि १९८३ मध्ये जमिनीवरून ताशी ६३३ मैलांचा विक्रम करणाऱ्या ‘थ्रस्ट २’ या गाडीतही होत्या. तेच पोलाद एखाद्या निवृत्त पोस्टमनच्या शेडमध्ये कुंड्यांमागे भिंतीला टेकून उभे असते आणि चाळीस पौंडांत मिळते, असा देश मला तरी दुसरा माहीत नाही.

ही नळी वेल्डिंगच्या आचेला रुसते. म्हणून कारागीर पोलादाच्या कोरीव जोडांत, म्हणजे लगमध्ये, नळ्या बसवून पितळेने किंवा चांदीच्या डाखाने झाळत असत, आणि जोडांच्या कडा कानशीने घासघासून कागदाइतक्या पातळ करत असत. त्या काळी गल्लीबोळांतून असे कारागीर होते आणि प्रत्येकाची खोड निराळी. टॉटनहॅमच्या हेचिन्स यांनी मागच्या नळ्यांना चक्क नागमोडी वळण दिले. ब्रॅडफर्डच्या बेन्स यांनी सीटखालची नळी सरळ उभी करून सायकलीला फाटकाचे रूप आणले. आमच्या डर्बीत १९४६ पासून मर्शियन आहे. माझी फ्रेम मात्र यॉर्कशरमधल्या अशा एका छोट्या कारागिराची, की ज्याच्या दुकानाच्या जागी आता नखे रंगवून देतात. पॅडलांमधल्या बीबीच्या, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या, नळकांड्याखाली चार आकडे ठोकलेले आहेत. त्या आकड्यांची नोंदवही केव्हाच रद्दीत गेली. अशा वेळी १९५५ पासून चालत आलेल्या व्हेटरन-सायकल क्लबमधले जाणकार उपयोगी पडतात. ते आकडे पाहून वर्ष सांगतात, आणि त्या वर्षाबद्दल आपसांत भांडतात.

फ्रेम घरी आली तेव्हा रीतसर तपासणी झाली. सायकल कधी समोरून भिंतीवर आदळली असेल, तर हँडलपासून खाली येणाऱ्या नळीच्या पोटाला, जोडाच्या किंचित मागे, एक सुरकुती पडते. ती रंगाखाली डोळ्यांना दिसत नाही, पण अंगठा फिरवला की लागते. अंगठ्याला काही लागले नाही. मग मागच्या चाकाच्या खाचेतून दोरा निघाला, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आला, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर सारखे भरले. फ्रेम सरळ होती. सीटचा दांडाही सरळ होता, आणि तसाच राहण्याचा त्याचा निश्चय दिसत होता.

याला शास्त्र आहे. दांडा ॲल्युमिनियमचा, नळी पोलादाची, आणि मध्ये इंग्लंडचा हिवाळा. बर्फ जमू नये म्हणून इथे रस्त्यांवर मीठ टाकतात. खारे पाणी आत उतरले की दोन धातूंमध्ये विजेचा बारीक व्यवहार सुरू होतो, ॲल्युमिनियम गंजते, आणि त्याचा तो पांढरा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागतो. खडकाच्या भेगेत सुकी लाकडी पाचर ठोकून तिच्यावर पाणी ओतावे, तसे दशकानुदशके चाललेले असते.

उपाय सुचवणारे मात्र ताजेतवाने असतात. शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी गंज सोडवणारे तेल आणून दिले आणि आठवडाभर धीर धरायला सांगितले. इंग्रज माणूस धीर धरायला सांगतो तेव्हा चहासुद्धा देतो, त्यामुळे तो काळ बरा गेला. क्लबातल्या एकाने अमोनिया सुचवला. शेडमध्ये अमोनिया ओतल्यानंतर त्या शेडमध्ये ठेवलेले लोणच्याचे आंबे, पुरणयंत्र आणि गणपतीचे मखर यांच्या भवितव्याविषयी घरात जे बोलणे झाले, त्यात सायकलीचा उल्लेख फार थोडा होता. नंतर उष्णतेचा प्रयोग झाला, मग बर्फाचा. दांड्यावर तिन्ही ऋतूंचा परिणाम सारखाच झाला.

माझ्या मेव्हण्याचे कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत वर्कशॉप आहे. व्हिडिओ कॉलवर त्याला फ्रेम सर्व बाजूंनी दाखवली.

“दाजी, आतनं करवतीचं पातं घाला आन् उभा काप द्या. दुसरा इलाज न्हाई.”

“अरे, पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा आहे. पाते जरा घसरले तर नळीच कापली जाईल.”

“अर्धा मिलिमीटर? आमच्या गवळ्यानं चार किटल्या अडकवून दुपारच्याला वाकडी करून आणली असती की! कितीला घेतली?”

मी कितीला घेतली ते सांगितले. पलीकडे बराच वेळ लेथचा आवाज तेवढा येत राहिला.

कॉस्टिक सोड्याचा जालीम उपायही आहे. नळीचे खालचे तोंड बंद करून तो आत ओतायचा; तो ॲल्युमिनियम खाऊन टाकतो आणि पोलादाला हात लावत नाही. मात्र रंगाला तो सोडत नाही, हायड्रोजन सोडतो, आणि ओतणाऱ्याच्या डोळ्यांबाबतही त्याचे धोरण पक्षपाती नाही. या उपायाचे नाव मी घरात काढले नाही. मखर अजून शेडमध्येच होते.

शेवटी फ्रेम एका म्हाताऱ्या फ्रेम बांधणाऱ्याकडे नेली. त्याने आधी माझ्याकडे आणि मग दांड्याकडे पाहिले, आणि दोघांविषयी एकच मत झाल्यासारखी मान हलवली. त्याची रीत उलटी होती. आम्ही सारे फ्रेम धरून दांडा फिरवू पाहत होतो; त्याने सीट काढली, दांडा जाडजूड व्हाइसमध्ये आवळला आणि आख्खी फ्रेमच तरफेसारखी दोन्ही हातांनी धरली. ती ओढण्यात झटका नव्हता. तो नुसता भार देत राहिला, थोडा इकडे, थोडा तिकडे, आणि मधूनमधून सांध्यावर तेलाचा थेंब सोडत राहिला. एकाएकी एखादी जुनी खिडकी उघडावी तसा नव्हे, तर बंदुकीचा म्हणावा असा आवाज झाला आणि माझी बोटे आपोआप पाकिटाकडे गेली. फ्रेम फुटली नव्हती. ती दांड्याभोवती केसभर फिरली होती.

दांडा किंचाळत बाहेर आला तेव्हा खरी भानगड उलगडली. ५३१ च्या चांगल्या नळीत २७.२ मिलिमीटरचा दांडा बसतो. कोणा महाभागाने त्यात २६.८ चा घातला होता, आणि तो डुगडुगू नये म्हणून त्याच्याभोवती बिअरच्या कॅनचा पत्रा गुंडाळला होता. पत्र्यावरची तांबडी अक्षरे अजून लागत होती. म्हाताऱ्याने त्या पत्र्याला विशेष मान देऊन तो वेगळा ठेवला. मला म्हणाला, की एवढ्या वर्षांत वेल्सला कोण गेले असेल ते सांगता येत नाही, पण पबात नक्कीच कोणी तरी गेले होते. नळी मात्र अस्सल २७.२ ची निघाली. ५३१ चे स्टिकर तर कोणीही विकत आणून नळाच्या पाइपला लावू शकतो. व्हर्नियरचे माप असे चिकटवता येत नाही.

पुढची कामे त्या मानाने किरकोळ. बीबीचा उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, हे ठाऊक नसलेल्या पूर्वजाने तो आवळून आवळून बसवला होता. ब्रिटिश सायकलींत इंचाला २४ आटे असतात. रॅले कंपनीने आपल्यासाठी २६ ठेवले होते, आणि माझी फ्रेम रॅले नाही, या एका गोष्टीबद्दल मी देवाचे आभार मानले. फ्रेम २७ इंची चाकांसाठी बांधलेली, मला मिळाली ती ७०० सी मापाची, म्हणजे किंचित लहान; त्यामुळे ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली आणण्यासाठी लांब हातांचे ब्रेक शोधावे लागले.

रंगाचा वाद मात्र मिटणारा नाही. मूळ रंगाचा पोपडाही पडू देऊ नये, ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून फक्त गंज काढावा, असा एक पंथ आहे. सगळे खरवडून भट्टीत भाजलेला नवा एनॅमल चढवावा असा दुसरा. पावडर कोटिंगचे नाव काढणाऱ्याला दोन्ही पंथ जातीबाहेर टाकतात, कारण त्या जाड थराखाली कारागिराने कानशीने काढलेल्या कडा बुजतात. या बाबतीत मी त्यांच्याच बाजूचा आहे. मी गंज काढला, मूळचा फिकट निळा रंग ठेवला आणि नळ्यांच्या आत मेण फवारले.

पहिल्यांदा क्लबच्या फेरीला नेली तेव्हा सर्वांत ज्येष्ठ सभासद तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. चष्मा काढून त्यांनी जोड पाहिले, खालचे आकडे पाहिले, मग वरच्या नळीवर ब्रेकची केबल धरणाऱ्या चकचकीत क्लिपांपाशी थांबले. फ्रेम फारच सुंदर आहे, असे ते म्हणाले. क्लिपा मात्र या सायकलीपेक्षा वयाने लहान आहेत. योग्य काळातल्या क्लिपा त्यांच्याकडे होत्या, पण सुट्या देण्याची त्यांची तयारी नव्हती. ज्या फ्रेमवर त्या आहेत, त्या फ्रेमसकट घेणार असेन तर बोलू, असे त्यांनी सुचवले.

रविवारी बघायला जायचे आहे. घरी मी अजून फक्त क्लिपांबद्दलच सांगितले आहे.