एका डॉलरची सही

अमेरिकन महिला टेनिसचा विषय निघाला की गाडी हमखास बिली जीन किंग आणि पुरुष खेळाडू बॉबी रिग्ज यांच्या सामन्यावर येते. २० सप्टेंबर १९७३, ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम, तीस हजारांवर प्रेक्षक, २९ वर्षांच्या बिली जीनने ५५ वर्षांच्या रिग्जला ६-४, ६-३, ६-३ असं सरळ झोपवलं. मजा आली असणार, वादच नाही. पण माझ्या मते तो तमाशा होता. खरी लढाई त्याच ह्यूस्टनमध्ये तीन वर्षं आधी झाली होती, आणि ती पैशाची होती.

पैसा म्हटलं की आपल्याकडे नाकं मुरडतात. त्यांनी अल्थिया गिब्सनकडे बघावं. हार्लेममध्ये वाढलेली ही कृष्णवर्णीय मुलगी १९५७ आणि १९५८, दोन्ही वर्षी विम्बल्डन आणि अमेरिकन स्पर्धा जिंकली. राणीच्या हातून ट्रॉफी घेतली, न्यूयॉर्कमध्ये तिची मिरवणूक निघाली. बक्षिसाची रक्कम? शून्य. तेव्हा या स्पर्धा हौशी खेळाडूंच्या. पुढे पोटासाठी ती हार्लेम ग्लोबट्रॉटर्सच्या बास्केटबॉल सामन्यांआधी प्रदर्शनी टेनिस खेळली, आणि म्हातारपणी तर इतकी ओढाताण झाली की जुनी दुहेरीतली जोडीदार अँजेला बक्स्टन मदतीला धावली.

१९६८ पासून व्यावसायिकांना दारं उघडली, पैसा आला, पण तो पुरुषांकडे. १९७० च्या पॅसिफिक साउथवेस्ट स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि महिला विजेतीला १,५००. आयोजक जॅक क्रेमर काही ऐकेना. तेव्हा टेनिस मासिक चालवणाऱ्या ग्लॅडिस हेल्डमन बाईंनी ह्यूस्टनला महिलांची वेगळी स्पर्धाच उभी केली. अमेरिकन टेनिस संघटनेने निलंबनाची धमकी दिली. तरी नऊ जणींनी हेल्डमनबाईंशी करार केले, प्रत्येकी एका डॉलरचे! बिली जीन, रोझी कॅसल्स, नॅन्सी रिची आणि इतर. सात अमेरिकन, दोन ऑस्ट्रेलियन. हेल्डमनबाईंची मुलगी ज्युली जखमी होती, पण सही तिनेही केली.

यात बिली जीन सोडली तर बाकीच्यांची नावं आज किती जणांना माहीत आहेत? गमावण्यासारखं त्यांच्याकडेही होतंच की! पुढे मोठी खेळाडू झालेली ख्रिस एव्हर्ट सुरुवातीला संघटनेच्याच गोटात राहिली. तिला दोष देत नाही, शाळकरी पोर होती ती.

आता न आवडणारी गोष्ट. या बंडाला पैसा पुरवला सिगारेटवाल्यांनी. व्हर्जिनिया स्लिम्स, खास बायकांसाठी काढलेला ब्रँड. खेळाडूंच्या सर्किटला, म्हणजे स्पर्धांच्या मालिकेला, सिगारेटचं नाव, हे आज वाचताना घशाखाली उतरत नाही. पण दुसरं कोण पुढे आलं होतं? १९७१ मध्ये बिली जीनची वर्षाची कमाई लाखावर गेली, डॉलरमध्ये. १९७३ ला यूएस ओपनने पुरुष आणि महिला, दोन्ही विजेत्यांना २५ हजार डॉलर दिले, आणि महिलांच्या रकमेतला फरकही एका डिओडरंट कंपनीने भरून काढला.

विम्बल्डनचं काय सांगावं! २००६ मध्येसुद्धा पुरुष विजेत्या फेडररला ६,५५,००० पौंड आणि महिला विजेत्या मॉरेस्मोला ६,२५,०००. तीस हजारांसाठी एवढा हट्ट? अमेरिकन खेळाडू व्हीनस विल्यम्सने बैठकीत आणि वर्तमानपत्रातून आयोजकांशी भांडण मांडलं, २००७ ला रक्कम समान झाली, आणि त्या वर्षी जिंकली कोण, तर व्हीनसच.

त्या नऊ जणींना टेनिसच्या हॉल ऑफ फेमने गट म्हणून मान दिला तो २०२१ मध्ये. ज्युलीच्या आईचा सन्मान मात्र १९७९ लाच झाला होता. मुलींनी आणखी बेचाळीस वर्षं थांबायचं!