अकरा टक्क्यांचा रकाना

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी फायनान्समध्ये एमबीए करायला नाव घातलं, तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "गणपती पेठेत चाळीस वर्षं दुकान चालवलं. मला कुणी हॉल तिकीट मागितलं नाही." सांगलीत हळदीचा आमचा व्यापार. अण्णा हळकुंड मोडतात, आतला रंग बघतात आणि भाव सांगतात. मला तिथवर पोचायला चार सेमिस्टर आणि एक तक्ता लागणार होता.

त्या तक्त्याचं सांगतो. आजचा रुपया आणि पाच वर्षांनी हातात पडणारा रुपया सारखा नसतो, हे आम्हाला वटाव, म्हणजे रोखीच्या बिलातली सूट, कापताना लहानपणीच कळलेलं. पुस्तकात त्याला प्रेझेंट व्हॅल्यू म्हणतात आणि चार दशांश स्थळांपर्यंत मोजतात. पेपरात गणित आलं: 10 लाखांचं मशीन, पाच वर्षं दरसाल 2 लाख 75 हजार येणार, दर 12 टक्के, घ्यावं की नाही? त्या दराखालच्या आकड्यानं दरसालची रक्कम गुणायची, की तिची आजची किंमत निघते. सोबत दिलेल्या तक्त्याची झेरॉक्स इतकी फिकट, की रकाने एकमेकांच्या अंगावर गेलेले. बोट सरकलं आणि 3.6048 ऐवजी मी शेजारचा, 11 टक्क्यांखालचा 3.6959 उचलला. 8,680 रुपयांचा खड्डा होता, तिथं 16,372 रुपयांचा फायदा झाला, वर पन्नास पैसे. 'मशीन घ्यावे' असं ठसठशीत लिहून मी खाली दोन रेघा मारल्या. दहापैकी सात मिळाले! पायऱ्या बरोबर होत्या म्हणे. कंपनी बुडाली, पण पायरी पायरीनं, रीतसर.

शिकवणं मात्र जोरात. ऑप्शनच्या, म्हणजे ठरल्या भावानं पुढं घ्यायच्या किंवा विकायच्या हक्काच्या, तासाला सरांनी त्याची किंमत काढायचं ब्लॅक-शोल्सचं 1973 सालचं सूत्र फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहिलं, हाताचा खडू झटकला आणि म्हणाले, "डेरिव्हेशन परीक्षेला नाही." साठ पेनांची टोपणं एकदम लागली. (एवढी एकी आमच्या वर्गात पुन्हा दिसली नाही.) घरी येऊन मी अण्णांना ऐकवलं, की याच कामाबद्दल शोल्स आणि मर्टन या अर्थतज्ज्ञांना 1997 चं नोबेल मिळालं आणि पुढच्याच वर्षी ते दोघं भागीदार असलेला फंड असा गाळात गेला, की बँकांना पैसे घालून सावरावा लागला. अण्णांनी चष्मा वर केला. "इंटरनलला किती होते त्यांना?"

मग ग्रुप प्रेझेंटेशन. पाच जणांत एकीनं स्लाइड केल्या, आम्ही चौघं बाजूला हात बांधून उभे. विषय मार्कोवित्झचा 1952 चा पोर्टफोलिओ सिद्धांत. पैसा वेगवेगळ्या ठिकाणी वाटून ठेवला की जोखीम कमी होते, ही माझी ओळ. ती म्हणून झाल्यावर मला राहवेना. म्हटलं, "सर, आम्हीपण हळद, बेदाणा, गूळ असं वाटूनच ठेवलं होतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा नदी पेठेत शिरली आणि तिन्ही एकाच रात्रीत भिजले." सर खूश झाले. "म्हणजे कोरिलेशन एक, सगळं एकदमच वर नाहीतर एकदमच खाली! फार छान उदाहरण. पण स्लाइडवर नाही ना, त्याला मार्क देता येत नाहीत."

शेवटी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, वीस मार्कांची. बाहेरगावचे परीक्षक; समोर पोह्यांची बशी आणि माझा स्पायरल बाइंडिंगचा प्रोजेक्ट, बहुधा वजन बघण्यापुरता उचललेला. विचारलं, "तुमच्या दुकानाची कॉस्ट ऑफ कॅपिटल किती? म्हणजे भांडवल किती टक्क्यांनी पडतं?" मी म्हटलं, "अण्णांना विचारून सांगतो." त्यांनी मान खाली घातली. माझी दोन वर्षं पोह्यांतल्या शेंगदाण्याबरोबर गेली असं वाटलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष पहिल्या पानावर गेलं.

"हळदीचं दुकान? घरच्यासाठी पाच किलो राजापुरी मिळेल का? काय भाव?"

"एकशे ऐंशी रुपये किलो, सर."

त्यांनी समोरच्याच कागदावर, माझ्या नावापुढं, पेन्सिलनं 180 लिहिलं.

निकालात मला व्हायवाला अठरा आहेत. शून्य कुणी खोडलं कळलं नाही. अण्णा म्हणतात, वटाव कापला असेल.