सात शून्यं आणि नऊ

सोसायटीच्या ग्रुपवर मध्यंतरी माझा फोटो आला. गाऊनमधला. गॅलरीत उकिडवी बसलेली मी, तोंडात पारदर्शक नळी, गाल आत ओढलेले, डोळे बाहेर आलेले. खाली मजकूर : ‘बी विंग. भर एप्रिलात पाण्याची नासाडी. सदस्यांनी नोंद घ्यावी.’ सदस्यांनी भराभर नोंद घेतली. अंगठ्यांच्या रांगेत एक अंगठा माझ्या नवऱ्याचा होता. "मी फोटो उघडलाच नाही, सगळे देत होते म्हणून दिला," असं त्याचं म्हणणं.

फोटो कुणी काढला ते मला ठाऊक आहे. नाव घेत नाही. ते गृहस्थ रोज सकाळी पाइप लावून गाडीला अभ्यंगस्नान घालतात, एवढंच सांगते.

तर खुलासा. मी एंजल मासे पाळते. चार आहेत. आणले तेव्हा त्यांचं अंग रुपयाच्या नाण्याएवढं होतं. आता वरचा आणि खालचा पर धरला तर माझ्या तळहाताबाहेर जातात. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "काय खायला घालता हो?" मी खरं उत्तर दिलं की त्याचा चेहरा पडतो, कारण खरं उत्तर आहे : पाणी. खाणं लागतंच. दाणे लागतात, मधूनमधून फ्रीझरमधले ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या, लागतात. ते आमच्याकडे सोललेल्या मटारशेजारी असतात आणि सासूबाई त्या कप्प्याला हात लावत नाहीत. पण खाणं काय, कुणीही घालतं. दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच, दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं. पिल्लं असतील तर आणखी एखाद वेळ. खरं काम त्यानंतरचं. खाल्लेलं बाहेर येतं आणि ते त्याच पाण्यात राहतं.

मासे विकणाऱ्याने मला छातीठोकपणे सांगितलं होतं, "मॅडम, मासा टँकएवढाच वाढतो. छोटा टँक घ्या, मासा छोटाच राहील. टेन्शन नाही." हे वाक्य या धंद्यात बहुधा घोटवूनच घेतात. छोट्या टँकमधला मासा समजूतदारपणे वाढ थांबवत नाही. घाण पाण्यात त्याची वाढ खुंटते आणि तो लवकर मरतो. एंजल लांबीपेक्षा उंचीने वाढणारा प्राणी. पुरा वाढला की परांसकट सात-आठ इंच उंच होतो, म्हणून टँकही निदान दीड फूट उंच हवा. मी ज्यांच्याकडे दात दाखवायला जाते, त्यांच्या रिसेप्शनवर गोल बाउलमध्ये एक एंजल आहे. त्याचे पर काठाला वळलेत. मला दाढेपेक्षा तो जास्त दुखतो. एकदा बोलले, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "वास्तूसाठी ठेवलाय." विषय संपला.

असो. फोटोनंतर चौकशी बसली. चौकशी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण खातं अजून अण्णांमधून निवृत्त झालेलं नाही. रविवारी सकाळी दारात उभे. हातात मेजरटेप, काखेत वही.

"वहिनी, तक्रार आहे. पण मी दोन्ही बाजू ऐकतो," म्हणाले आणि चप्पल काढून थेट टँकपाशी गेले. माझी बाजू राहिली दारातच. "किती बाय किती?"

"तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच."

विश्वास नव्हताच. टेप लावली. "पावणेसात घनफूट. फ्रीबोर्ड?"

"काय?"

"वर रिकामं किती सोडता?"

"तीन बोटं."

त्यांनी स्वतःची तीन बोटं काचेला लावून पाहिली. मग म्हणाले, "तुमची लावा." मी लावली. वहीत नोंद झाली. "मृतसाठा?"

"अहो अण्णा, अजून एकही मेलेला नाही!"

अण्णांनी पेन्सिल थांबवून माझ्याकडे पाहिलं. दहावी नापास मुलीकडे पाहावं तसं. मृतसाठा म्हणजे धरणाच्या तळाचं, दरवाज्यांतून न निघणारं पाणी, हे मग त्यांनी समजावून सांगितलं. मी चहा ठेवला.

"आठवड्याला किती विसर्ग?"

"पन्नास लिटर. साधारण पाव टँक."

वही उलटीसुलटी झाली. "वर्षाला नव्वद घनफूट," असं म्हणून ते थोडा वेळ आकड्याकडे पाहत राहिले. पण घनफुटात त्यांना मजा येईना. आयुष्यभर टीएमसीत विचार केलेला माणूस. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारही धरणं काठोकाठ भरली तर साधारण २९ टीएमसी. अण्णांनी दशांश चिन्ह मांडलं आणि एकेक शून्य घालत गेले. सात शून्यं झाली, मग नऊ. ०.०००००००९ टीएमसी. खाली दोन रेघा ओढल्या.

"म्हणजे फार नाही ना?" मी विचारलं.

"तत्त्वाचा प्रश्न आहे," अण्णा म्हणाले.

इथे मी तत्त्वावर आले. म्हटलं, हे पाणी मी ओतून देत नाही. नळीने तळातली घाण ओढते, बादलीत घेते, गॅलरीतल्या आणि जिन्यातल्या कुंड्यांना घालते. नळी तोंडाने ओढावी लागते, कारण पाणी पहिल्यांदा आपण होऊन चढत नाही. एकदा धार लागली की तोंड मोकळं. फोटो नेमका त्या आधीचा आहे.

पण अण्णांची शंका मुळातली होती. "मासा पाण्यातच राहतो ना? मग त्याला ते बदलून कशाला हवं? नदीचं पाणी कोण बदलतं? जिथून हे मासे आले तिथे कोण बादल्या घेऊन जातं?"

"हे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, अण्णा. तिथे नदीच बदलते. समुद्राला मिळते तिथे सरासरी ७० लाख क्युसेक पाणी जातं."

आयुष्यात पहिल्यांदाच मी अण्णांना गप्प केलं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. आमच्याकडे मुठा नदीत काही हजार क्युसेक सोडले की भिडे पूल बुडतो आणि लोक मोबाइल घेऊन बघायला धावतात. अण्णांचा चहा बशीतच राहिला. बऱ्याच वेळाने हळूच विचारलं, "कुठल्या धरणातून?"

"धरण नाही. तशीच वाहते."

"तशीच?" अण्णांना हे फार लागलं. एवढं पाणी आणि कुणाचं नियोजन नाही!

तेवढ्यात सगळ्यात मोठा एंजल काचेशी आला. त्यांना माणूस दिसला की खाणं आठवतं. छातीखालचे दोन दोरे लोंबतात तसे सोडून, चपटं अंग जरा तिरकं करून, तांबूस कडेचा डोळा त्याने अण्णांवर रोखला. पानांच्या आणि मुळांच्या गर्दीतून घुसायला हे अंग असं ताटलीसारखं झालंय आणि उभे पट्टे लपायला. अण्णा खाली वाकले. दोघांनी एकमेकांची पाहणी केली.

"रागीट दिसतो."

"आहेच. कोपरा धरून बसतो, दुसऱ्याला येऊ देत नाही."

"ए विंगसारखा," अण्णा म्हणाले. त्या क्षणी मला ते जरा आवडले.

मग मी अमोनिया सांगितला. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो, तो विषारी. फिल्टरमधल्या स्पंजात जिवाणू असतात, ते त्याचा नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचा नायट्रेट करतात, तो थोडा असेपर्यंत चालतो, पण साचत जातो. तो काढायचा खात्रीचा मार्ग म्हणजे पाणी बदलणं. नवा टँक भरल्याभरल्या मासे सोडले तर हे जिवाणूच नसतात, ते जमायला चार ते सहा आठवडे जातात, म्हणून लोकांचे मासे पहिल्या पंधरवड्यात मरतात आणि लोक म्हणतात, आम्हाला मासे लाभत नाहीत.

"म्हणजे तुमच्या टँकमध्ये एसटीपी आहे," अण्णा म्हणाले.

"आहे. आणि तो चालू आहे."

हे बोलायला नको होतं, पण बोलले. कारण सोसायटीचा सांडपाण्याचा प्लँट बिल्डरने ताबा दिल्यापासून बंद आहे. त्या खोलीत गणपतीच्या मांडवाचे बांबू आणि मोडकं कॅरमबोर्ड आहे. पहाटे वरची टाकी तासभर वाहते, तिची धार माझ्या बेडरूमच्या खिडकीवरून जाते. तिचा फोटो कुणी काढत नाही. टँकरचं बिल आलं की आम्ही समान वाटून घेतो. वर ते टँकरचं बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की गीझरच्या कॉइलवर थर चढतो. महापालिकेचं असलं तर रात्रभर बादलीत ठेवून क्लोरीन तरी उडवता येतो. क्षार कसे उडवायचे? एंजलना मऊ पाणी मानवतं. इकडचे टँकमध्येच जन्मलेले असतात, थोडं जड पाणीही सोसतात, पण एकदम बदललं की अंग चोरून कोपऱ्यात बसतात. म्हणून थोडं थोडं मिसळायचं, तेही टँकमधल्या इतकंच कोमट, सत्तावीस-अठ्ठावीस अंश. हे सगळं मी करते, आणि नासाडी माझी.

अण्णांनी शांतपणे ऐकलं. मग तोडगा काढला. इमारतीतल्या प्रत्येक घरात आरओ आहे, त्याचं फेकायचं पाणी सगळ्यांनी मला आणून द्यावं. रोज. कॅनमधून. "नासाडीही नाही, माशांनाही ताजं पाणी."

"अण्णा, त्यात तर सगळे क्षार उतरलेले असतात."

"क्षार म्हणजे खनिजंच ना? वाढीला चांगली."

मी टँकच्या काचेवर डोकं टेकलं. चारही मासे लगेच जमले.

शेवटी कसं कोण जाणे, आमचं गाडं कुंड्यांवर आलं. अण्णांच्या मोगऱ्याला गेल्या वर्षापासून कळ्या नाहीत. नायट्रेट म्हणजे खतच, हे त्यांना माझ्या तोंडून नाही, स्वतःच्या वहीतून उमगलं. बादली त्यांनी स्वतः उचलून नेली. पंधरवड्याने मोगऱ्याला पालवी फुटली आणि ग्रुपवर नवा मजकूर आला, यात मात्र माझा फोटो नव्हता : ‘बी विंग मत्स्य प्रकल्प. उन्हाळी आवर्तन. लाभधारकांनी नावे द्यावीत. वाटप टेल टू हेड पद्धतीने.’ म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला आधी पाणी.

नावं आली. ए विंगची सुद्धा. गाडी धुणाऱ्या गृहस्थांनी तर अडेनियमसाठी दोन तांबे जादा मागितले. रविवारी सकाळी मला दहा मिनिटं उशीर झाला तर जिन्यात माणसं उभी असतात, रिकामे डबे घेऊन. मे महिन्यात माहेरी जायचं म्हटलं तर अण्णांनी आधी कॅलेंडर पाहिलं. तो पहिला फोटो अजून ग्रुपवर आहे. काढा म्हटलं तर ॲडमिन म्हणतात, आता तो प्रकल्पाच्या इतिहासाचा भाग आहे. नवऱ्याचा अंगठाही आहे तिथेच.

काल रात्री अण्णांचा खासगी मेसेज आला. ‘वहिनी, गेल्या आवर्तनाचं पाणी जरा पातळ होतं. तीन लाभधारकांच्या तक्रारी आहेत. माशांना थोडं जास्त खायला घालत जा.’